रनफ्लॅट काढून साधे टायर टाकू का? (जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज, मुक्काम पुणे)

घाटवळण:

मंडळी, गेल्या दिवाळीत हौसेनं सेकंडहँड ३२०डी घेतली. २०१६ चं मॉडेल, घेतली तेव्हा ६२ हजार किलोमीटर झालेले. गाडीबद्दल तक्रार नाही. टायर मात्र आता बोलायला लागलेत. चारही रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, माप २२५/५० आर १७, आणि साइडवर शिक्का २३१९, म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. मागच्या रविवारी गाडी धुताना पुढच्या डाव्या टायरला लिंबाएवढं टेंगूळ दिसलं. कुठल्या खड्ड्याचा आहेर ते आठवतही नाही.

दोन दुकानांत भाव काढला. चार रनफ्लॅटचे ८८ हजार, त्याच मापाच्या चांगल्या कंपनीच्या चार साध्या टायरांचे ४६ हजार. फरकाच्या पैशात घरचा फ्रिज येतो. वर आईची कंबर. सावंतवाडीला जाताना आंबोली येईपर्यंत ती तीनदा विचारते, "अरे या गाडीला स्प्रिंगा आहेत ना?"

दुसरी बाजू अशी की डिकीत स्टेपनी नाही आणि ठेवायला खळगाही नाही. खालचा फळा उचलला तर बॅटरी. जॅक नाही, पाना नाही. बायको हिंजवडीहून रात्री साडेदहा-अकराला बायपासनं एकटी येते. मी वर्षातून तीन-चारदा कोकणात, एखाद वेळी समृद्धीनं नागपूर.

काय करू? ज्यांनी प्रत्यक्ष बदललेत त्यांनी सांगा. गूगल वाचून झालंय.

मिसळखाऊ:

काढून टाका. मी गाडी घेतल्यावर पहिलं काम तेच केलं होतं. पौड रोडवरच्या स्पीडब्रेकरवर मणका मोजता यायचा, आता गाडी चालवावीशी वाटते. रस्त्याचा आवाजही निम्मा झाला. डिकीत बारा व्होल्टचा पंप आणि स्ट्रिप पंक्चरचा डबा ठेवतो. चार वर्षांत दोन पंक्चर झाली, दोन्ही घरच्या पार्किंगमध्ये सकाळी हवा कमी दिसली म्हणून कळली. ८८ हजार कशाला घालवताय?

बाभूळकाटा:

मिसळखाऊ, तुमची दोन्ही पंक्चर खिळ्याची असणार. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतून बसतो आणि हवा तासन्‌तास हळूहळू जाते. तेवढ्यासाठी कुणालाच रनफ्लॅट नको. साइडच फाटते तेव्हाचं बोला.

मार्चमध्ये नागपूरहून समृद्धीनं येत होतो, बीएमडब्ल्यूच्याच एक्स१ मध्ये. मालेगाव जहांगीर मागे पडलं होतं, संध्याकाळचे साडेसात. रस्त्यात कुठल्या ट्रकचा लोखंडी तुकडा पडला होता, शेवटच्या क्षणी दिसला. धप्प आवाज झाला आणि दहा सेकंदांत डॅशबोर्डवर लाल चिन्ह. स्टिअरिंग किंचित उजवीकडे जड लागलं, बाकी काही नाही. वेग ७० वर आणला आणि मेहकरच्या एक्झिटपर्यंत पस्तीसेक किलोमीटर गेलो. मागे घरची तिघं झोपलेली होती, त्यांना टोलनाक्याच्या दिव्यात उतरल्यावर कळलं. टायरच्या साइडला माझी तीन बोटं जातील एवढी चीर होती.

साधा टायर असता तर त्याच अंधारात, त्याच कडेला, शंभर-सव्वाशेनं जाणाऱ्या गाड्यांच्या शेजारी मी जॅक लावत बसलो असतो. समृद्धीवर कडेला उभ्या गाड्यांना मागून येऊन ठोकल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो.

आता पुढचंही सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. मेहकरात तो टायर उतरवणारं मशिन मला कुणाकडे सापडलं नाही. एक मुलगा पहार घेऊन पुढे आला, त्याला हात जोडले. गाडी फ्लॅटबेडवर घालून छत्रपती संभाजीनगरला नेली, दीडशेक किलोमीटर. तिथेही ते माप नव्हतं. मुंबईहून टायर यायला चार दिवस लागले. चार दिवस सासुरवाडीत. टायरच्या किमतीपेक्षा हे महाग पडलं असं माझं मत, पण ते घरी बोललो नाही.

मिसळखाऊ:

म्हणजे ८८ हजार देऊनही फ्लॅटबेड आणि सासुरवाडी चुकली नाहीच!

बाभूळकाटा:

चुकली नाही. पण फ्लॅटबेडची वाट मी टोलनाक्याच्या उजेडात, चहा पीत पाहिली. फरक तेवढाच आहे, आणि तो मला पुरेसा आहे.

साताऱ्याचा_टायरवाला:

धंदा माझा हाच आहे, वीस वर्षं झाली, त्यामुळे जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट, गाडी रबरावर उभी नसते, हवेवर उभी असते. साधा टायर म्हणजे हवा धरून ठेवणारी पिशवी. हवा गेली की रिम थेट साइडवॉलवर बसते आणि तिला पोळपाट-लाटण्यात धरल्यासारखी चिरडते. रनफ्लॅटमध्ये साइडवॉलच्या आत कडक, उष्णता सोसणाऱ्या रबराची जाड पाचर भरलेली असते. हवा गेल्यावर ती पाचर वजन उचलते. कडक का लागतो याचं उत्तर यातच आलं. जी भिंत बिनहवेची गाडी तोलते, ती हवा असतानाही खड्ड्यात वाकायला कुरकुर करते. मग धक्का खायचा कुणी? रिमनं आणि तुमच्या आईनं.

दुसरं, ८० चा आकडा. हवा गेल्यावर रनफ्लॅट ताशी ८० च्या आत, जास्तीत जास्त ८० किलोमीटर. तोही साधारण भाराचा हिशोब. पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि मे महिन्याचं डांबर असेल तर ८० धरू नका. बिनहवेचा टायर प्रत्येक फेरीला दबतो आणि सुटतो, त्यातून उष्णता तयार होते, आणि मरतो तो त्या उष्णतेनं.

आता एक डोळ्यांनी पाहिलेलं. गेल्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक आलं. "हवा कमी होती, दोनच किलोमीटर चालवलीय, पंक्चर काढून द्या." बाहेरून टायर झकास, नक्षी पाच-सहा मिलिमीटर शिल्लक. मशिनवर घेऊन एक बाजू सोडवली तर आतून ओंजळभर काळी पूड फरशीवर सांडली, अगदी मशेरीसारखी. आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं, खरखरीत कानस. एका जागी रबर जाऊन धागे उघडे पडलेले. ते दोन किलोमीटर नव्हते, चाळीस तरी होते. मी पंक्चर काढलं नाही. साहेब रागावून गेले, पुढे कुणीतरी काढून दिलं असेल. हवेशिवाय पळालेला रनफ्लॅट दुरुस्त करावा का, यावर कंपन्यांचंही एकमत नाही. काही साफ नाही म्हणतात, काही अटी घालून एकदा परवानगी देतात. माझा नियम सोपा आहे, पूड निघाली की टायर गेला.

घाटवळण, तुम्ही कुठलेही घ्या, पण:

चारही एकाच जातीचे घ्या. पुढे साधे, मागे रनफ्लॅट असला संसार करू नका, वळणावर गाडी दोन मनांची होते. तुमच्या मापाला लोड इंडेक्स ९४ लागतो, म्हणजे एका टायरवर ६७० किलो. त्याच्या खाली कुणी "चालतंय की" म्हणून देत असेल तर दुकान बदला. रनफ्लॅटच्या रिमवर साधा टायर बिनधास्त बसतो. त्या रिमला आत जरा उंच वरंबा असतो, बिनहवेचा टायर घसरून उतरू नये म्हणून, त्याचा साध्या टायरला त्रास नाही. उलटं करायचं असेल, म्हणजे साध्यावरून रनफ्लॅटवर जायचं असेल, तर रिम तपासावी लागते.

आणि टायर रनफ्लॅट आहे की नाही हे साइडवर लिहिलेलं असतं, पण प्रत्येकाची भाषा वेगळी. ब्रिजस्टोन आरएफटी लिहितो, मिशेलिन झेडपी, कॉन्टिनेंटल एसएसआर, गुडइयर आरओएफ. सेकंडहँड गाडी घेणारे निम्मे लोक मला विचारतात, "माझे रनफ्लॅट आहेत का?" आधी वाकून बघा.

मिळण्याचं म्हणाल तर २०२० च्या जूनमध्ये सरकारनं टायरची आयात परवान्याखाली आणली. त्यानंतर ही परदेशी मापं कधी येतात, कधी दोन-दोन महिने नसतात. साधा २२५/५० आर १७ मी तुम्हाला संध्याकाळपर्यंत देतो. रनफ्लॅटला "फोन करून सांगतो" असंच उत्तर मिळेल.

निवांत_पेन्शनर:

आमच्या पद्मिनीला डिकीत स्टेपनी, जॅक, पाना आणि वर एक जुनी चादर असायची, गुडघ्याखाली अंथरायला. खंबाटकीत भर पावसात चाक बदललंय. तुम्ही लोक ८८ हजारांची चर्चा करताय.

अवांतर: स्टेपनी हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो, पण तो एका गल्लीचं नाव आहे. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लनेथली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी मोटारीसाठी जादा चाक बनवून विकायला सुरुवात केली. त्या काळी गाडीबरोबर जादा चाक येतच नसे. आज लंडनमध्ये कुणाला स्टेपनी विचारलीत तर तो तुम्हाला शहराच्या पूर्व भागात पाठवील.

प्रश्न: स्टेपनीशिवाय गाडी चालवली तर पोलीस पकडत नाहीत का?

बाभूळकाटा:

काका, २०२० च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टायरचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू. म्हणूनच हल्लीच्या बऱ्याच साध्या गाड्यांतही स्टेपनीच्या जागी एक बाटली आणि पंप येतो.

चादरीची आयडिया मात्र उचलली.

म्युनिकची_माऊ:

इकडची बाजू. म्युनिकमध्ये आमच्या ओळखीत रनफ्लॅटवाले बरेच आहेत आणि "कडक लागतो" ही तक्रार मी जवळजवळ ऐकलेलीच नाही, कारण खड्डाच नाही. ज्या रस्त्यांसाठी तो टायर बनला, तिथे तो ठीक वाटतो. ऑटोबानवर टायर गेला तर इथे शिकवतात की पिवळं जाकीट घाला, त्रिकोण लांब मागे ठेवा, आणि सगळे रेलिंगच्या पलीकडे जाऊन उभे राहा. चाक बदलत बसू नका, मदतीला फोन करा. म्हणजे जॅक काढण्याची हौस इथेही कुणी करत नाही.

नवऱ्यानं हिवाळी सेट घेताना मात्र साधे टायर घेतले. इथे ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर घालतात, वर्षातून दोनदा सगळी चाकं उतरतात. दोन्ही सेट चालवून बघितल्यावर तो म्हणतो की गाडी तीच वाटत नाही. उन्हाळ्यातला रनफ्लॅट संपला की तोही साधाच येणार.

एक धोक्याची सूचना. त्या बाटलीवर फार विसंबू नका. आतल्या पांढऱ्या रसायनाला मुदत असते, तारीख बाटलीवर असते, आमची निघाली तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. आणि ती फक्त नक्षीतल्या भोकावर चालते, साइड फाटली तर बाटली ओतून बूटच चिकट होतात. तेच सेल्फ-सील टायरचं. कॉन्टीसीलसारख्या टायरमध्ये आतून चिकट थर असतो, पाच मिलिमीटरपर्यंतचं भोक तो स्वतः बुजवतो, पण तेही नक्षीतलंच.

आणि घाटवळण, तुमच्या गाडीत प्रेशरची वॉर्निंग चालू आहे का? युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची आहे, तुमच्याकडे तशी सक्ती नाही. रनफ्लॅटला ती नसेल तर तो टायर नसल्यापेक्षा वाईट. हवा गेलेली तुम्हाला कळणारच नाही आणि तुम्ही एकशेवीसनं जात राहाल.

घाटवळण:

माऊ, तुमच्या प्रश्नानं घाम फुटला. खाली जाऊन मेनू उघडला. माझ्या गाडीत चाकात सेन्सर नाहीत. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेवरून कुठलं चाक जास्त गरगरतंय ते बघून ती अंदाज बांधते. हवा कमी झाली की चाक लहान होतं आणि इतरांपेक्षा जास्त फिरतं. पण त्यासाठी हवा भरल्यावर दर वेळी मेनूतून रिसेट करावं लागतं, आणि मी गाडी घेतल्यापासून एकदाही केलेलं नाही. म्हणजे ती बिचारी आधीच्या मालकाच्या हवेशी तुलना करत बसली होती.

पंपावर नेऊन हवा तपासली. ३३, ३२, ३३ आणि टेंगूळवाल्या चाकात २४. वर्ष होत आलं, मला साधा संशय नाही. बाहेरून चारही सारखेच दिसत होते.

रातराणी:

इथवर सगळ्यांनी कंबर, आवाज, फ्रिज आणि सासुरवाडी यांवर लिहिलं. गाडी रात्री अकराला चालवते कोण, तर त्यांची बायको. तिचं मत या धाग्यात कुठेच नाही.

मी नाशिक-मुंबई कसाऱ्यातून रात्रीबेरात्री एकटी येते-जाते. माझ्याकडे साधे टायर आहेत आणि स्टेपनी आहे आणि चाक बदलता येतं. तरी रात्री कसाऱ्यात मी ते बदलणार नाही. त्या वेळी मला एकच हवं असतं, पुढचा उजेड असलेला ढाबा येईपर्यंत गाडी चालत राहावी. बसमध्ये उभं राहायचं असलं तरी चालेल, पण बस मिळावी, तसं. कंबरदुखी सकाळी बघता येते.

मिसळखाऊ:

बायपासवर कुठे ढाबा शोधायचाय? दर दोन किलोमीटरला पेट्रोल पंप.

रातराणी:

बायपासच्या सर्व्हिस रोडवर रात्री अकराला एकदा उतरून बघा, मग पंप मोजा.

घाटवळण:

पटलं. विचारलं. (विचारायला हवं होतं आधीच, तेही ऐकून घेतलं.) तिचं उत्तर मला अपेक्षित नव्हतं, म्हणून जसंच्या तसं देतो:

"रिकामा टायर घेऊन ऑफिसपासून घरापर्यंत वीस किलोमीटर येता येईल हे छान आहे. पण खड्ड्यानं टेंगूळ येऊन चार दिवस गाडी दुकानात, हे वर्षातून दोनदा होणार असेल तर त्या आठ रात्री मी कॅबनं येणार. मला ते जास्त नको आहे. आणि मला रस्त्यात थांबायची भीती नाही, तू फोन उचलत नाहीस त्याची आहे."

यावर काही बोलण्यासारखं नव्हतं.

मग दोघांनी मिळून नकाशा काढला. ८० किलोमीटरचं वर्तुळ आमच्या रस्त्यांवर ठेवून बघितलं. ताम्हिणीत कुठेही टायर गेला तर एकीकडे माणगाव, दुसरीकडे पौड, दोन्ही आवाक्यात. समृद्धीवर पुढचा एक्झिट बहुतेक आवाक्यात. हे झालं सुरक्षित जागी पोहोचण्याचं. पण सावंतवाडीहून कोल्हापूर शंभरावर, बेळगाव शंभरच्या आसपास. पणजी जवळ, पण तिथे माझं माप असेलच असं नाही. म्हणजे आमच्या कोकणच्या फेरीत रनफ्लॅट मला गावातल्या वडाच्या पारापर्यंत आणून सोडणार, आणि तिथून पुढे फ्लॅटबेड. स्टेपनी असेल तर मी पारापाशीच चाक बदलून दुसऱ्या दिवशी वेंगुर्ल्याला मासे खायला जाऊ शकतो.

तर साध्याकडे झुकलोय. पण स्टेपनीसकट. ती कुठून आणि कोणती?

साताऱ्याचा_टायरवाला:

स्पेस सेव्हर घ्या, बारीक चाकाची. सतरा इंची. ताशी ८० च्या वर नेऊ नका, तीही तात्पुरतीच असते. स्क्रॅपमध्ये मिळते, पण इथे लोक फसतात. तुमच्या एफ३० ला, म्हणजे तुमच्या पिढीच्या थ्री सिरीजला, पाच बोल्ट, त्यांच्या घेराचा व्यास १२० मिलिमीटर, मधलं भोक ७२.६. नव्या जी२० थ्री सिरीजला घेर ११२ आणि भोक ६६.६. दोन्ही थ्री सिरीजच. विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो, "थ्री सिरीजचंच आहे साहेब." घरी येऊन बघता तर बसत नाही. पट्टी घेऊन जा. घेतल्यावर एकदा पुढच्या चाकाला लावून बघा, पुढचा ब्रेक मोठा असतो, रिम कॅलिपरला घासते का ते कळेल. आणि त्या स्टेपनीच्या टायरचाही तारखेचा शिक्का वाचा. डिकीत दहा वर्षं झोपलेलं रबर बाहेरून देखणंच असतं.

जॅक, १७ नंबरचा पाना आणि एक गाईड पिन. पिन विसरू नका. मारुतीला हबमधून खिळे बाहेर आलेले असतात, चाक त्यावर अडकवलं की झालं. तुमच्या गाडीला तसे खिळे नाहीत, बोल्ट बाहेरून आत जातो. म्हणजे एका हातानं चाक उचलून धरायचं, भोकाला भोक जुळवायचं आणि दुसऱ्या हातानं बोल्ट लावायचा. पिन आधी फिरवून बसवली की चाक तिच्यावर टांगता येतं.

निवांत_पेन्शनर:

आणि चादर.

मिसळखाऊ:

विम्याचं बघा जाता जाता. मला वाटायचं टायर फुटला की विमा देतो. साध्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालेलं असलं तरच मिळतं, तेही टायरच्या निम्मं. बाकी टायरचं वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. रनफ्लॅट ठेवणार असाल तर ते घ्याच.

म्युनिकची_माऊ:

सेन्सर पण घ्या, व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे. साधा टायर हळूहळू उतरत असेल तर तीस पौंडाखाली आला की ओरडतो. एबीएसच्या अंदाजापेक्षा बरं. फक्त पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो टोपी समजून खिशात घालतो.

घाटवळण (सहा आठवड्यांनी):

अपडेट देणं राहिलं होतं.

साधे टायर बसवले. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, जुन्यांचे काही नाही, सगळं धरून ४९ हजार. रिकामे टायर जमिनीवर ठेवलेले असताना एक जुना आणि एक नवा उचलून बघितला. उचलण्यात फरक स्पष्ट कळतो. जुन्याची साइड अंगठ्यानं दाबली तर दबतच नाही, नव्याची दबते. टेंगूळवाला टायर उतरवल्यावर मी मुद्दाम आत बोट फिरवलं. पूड होती. ओंजळभर नाही, चिमूटभर. पण होती. म्हणजे २४ च्या हवेवर तो किती दिवस तसाच घासत होता देव जाणे. बायकोला दाखवली. ती काही बोलली नाही, तिनं मोबाईलवर फोटो काढला. तो फोटो आता योग्य वेळी बाहेर येणार.

स्पेस सेव्हर पुण्यातच मिळाली. पहिल्या दुकानात ११२ वालीच गळ्यात मारत होते, पट्टीमुळे वाचलो. डिकीत पट्ट्यानं बांधून ठेवतो, रोज नाही, फक्त बाहेरगावी जाताना. एक बॅग कमी मावते. सेन्सरच्या टोप्या बसवल्या. हवा भरल्यावर रिसेटही करतो, हे रातराणींना सांगा.

गेल्या शनिवारी रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाक बदलण्याची तालीम केली. वॉचमन टॉर्च धरून उभा. मला ४० मिनिटं लागली, त्यातली पंधरा जॅकची जागा शोधण्यात. तिनं २२ मिनिटांत केलं. पिन तिच्या हातात होती, माझ्या वेळी ती कुठे आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आंबोली चढून आलो. चौकुळच्या फाट्याला आई म्हणाली, "गाडी बदललीस का रे?"

रातराणी:

तालीम वाचून बरं वाटलं. फोन उचलता का आता?

घाटवळण:

उचलतो. गाडीत असेल तर ब्लूटूथवर.

बाभूळकाटा:

समृद्धीला जाल तेव्हा निघण्याआधी हवा बघा, थंड असताना. काँक्रीटवर सरळ शंभर-दीडशे किलोमीटर एका वेगानं जाताना टायर तापतो, कमी हवेचा जास्त तापतो. माझ्यापुरतं मी रनफ्लॅटवरच राहणार आहे. माझ्या घरी चाक २२ मिनिटांत बदलणारं कुणी नाही.

घाटवळण:

मान्य. बरं, टेंगूळवाला सोडून बाकीचे तीन रनफ्लॅट घरी पडलेत. नक्षी साडेचार मिलिमीटर आहे. कुणाला हवेत का?

साताऱ्याचा_टायरवाला:

२३१९ वाले? झोपाळा करा.